पत्र्याखालचा कागद

माझ्या घराची पश्चिमेची भिंत गेल्या वर्षापर्यंत आतली भिंत होती. आता ती बाहेरची झाली आहे. हे मी लेकीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आई, भिंत आतून बाहेर कशी जाईल?" परदेशात जाऊन मुलं हुशार होतात म्हणतात. माझ्या लेकीची हुशारी आमच्या गल्लीपुरती कमी झाली असावी, कारण ती याच भिंतीला टेकून लहानाची मोठी झाली.

धुळ्यातल्या आमच्या जुन्या गल्लीत घरं एकमेकांना चिकटून उभी आहेत आणि दोन घरांत भिंत एकच. इकडच्या अंगाला आमचा पांढरा चुना, तिकडच्या अंगाला शेजाऱ्यांचा हिरवा रंग. शेजारी म्हणजे कोठीवाले भाऊ आणि त्यांची बायको, जिला मी भाभी म्हणायची. भाऊ धान्य साठवायच्या पत्र्याच्या कोठ्या करायचे. ओट्यावर बसून ठोकठोक, आत संसार. मग लोकांनी प्लास्टिकचे पिंप घ्यायला सुरुवात केली, भाऊंचे गुडघे गेले, आणि चाळीसगावच्या मुलानं दोघांना तिकडे नेलं. घर एका व्यापाऱ्यानं घेतलं आणि यंत्र लावून एका दिवसात पाडलं. नवं काही बांधायचं त्याच्या मनात अजून आलेलं नाही. जागा तशीच पडली आहे, गाढवं येऊन उभी राहतात.

यंत्रवाल्यानं आमची सामाईक भिंत तेवढी ठेवली, उपकार केल्यासारखी. पण ती भिंत पावसासाठी बांधलेलीच नव्हती. मातीत रचलेल्या विटा, वर पातळसा गिलावा. घरातली भिंत, तिला छत्री कशाला? गेल्या पावसाळ्यात नैऋत्येचा सगळा मारा तिनं उघड्या अंगानं खाल्ला, मार्चमधल्या अवकाळीनं उरलंसुरलं केलं, आणि माझ्या मधल्या खोलीत चुन्याचे पोपडे पडायला लागले. मिस्त्री आला, त्यानं बोटानं एक वीट टोकरली आणि म्हणाला, "अजून एक पावसाळा असा गेला तर भिंत बसेल. तुळई हिच्यावरच आहे." सिमेंटचा गिलावा मातीवर धरत नाही, सुटून येतो. त्याच्या मते इलाज एकच होता, बाहेरून पत्रे मारून घ्यायचे.

भिंत बसली म्हणजे घर बसलं, हे मला सांगायला मिस्त्री नको होता. आणि घर बसलं की मी लेकीच्या तावडीत सापडले. ती कधीची टपून बसली आहे. पुण्याला म्हाताऱ्यांसाठी छान इमारती आहेत म्हणे, तिथे सकाळी हसायला शिकवतात. मला हसता येतं. या गल्लीत मी लग्न होऊन आले, याच मधल्या खोलीत आमचे हे वारले, आणि त्यांची खाट अजून त्या भिंतीला लावलेली आहे. मी खाली सतरंजीवर झोपते. ते आजारी असताना खाली झोपायची सवय लागली, ती गेली नाही. रिकाम्या खाटेशेजारी जमिनीवर झोपणारी आई लेकीला व्हिडिओत दिसली की ती चिडते. म्हणून मी फोन स्वयंपाकघरात घेते.

तर पत्रे मारायचं ठरलं. एवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. पण पत्रेवाला माप घ्यायला आला आणि त्यानं विचारलं, "अक्का, पत्राखाल कागद लावाना का?"

"कसला कागद?"

"प्लास्टिकना. भिंतले गुंडाळानं, मंग वरथून पत्रा. सांध्यामाईन पानी येस ना. बठ्ठा लोके लावतस."

सगळे लावतात, या कारणावर माझा विश्वास नाही. सगळे काय काय करतात ते मी शाळेच्या नोकरीत पाहिलं आहे. मी म्हटलं, विचार करून सांगते. आणि विचार करायला घेतला की माणसानं चार जणांना विचारू नये, हे मी या वयात परत एकदा शिकले.

लेकीला तर हा प्रश्न म्हणजे पर्वणी वाटली. तिच्या बर्फाच्या देशात घरं लाकडाची. तिथे आधी घराला वाफ बाहेर सोडणारा पांढरा कागद गुंडाळतात, मग वरून फळ्या मारतात. तिच्या समोरच्या प्लॉटवर तसंच घर चाललं होतं, तिनं फोन खिडकीला लावून दाखवलं. खरंच, पार्सल करायला काढल्यासारखं अख्खं घर पांढऱ्या कागदात. "आई, कागद पाहिजेच. त्याच्याशिवाय भिंती कुजतात." मी म्हटलं, "इथे बर्फ नाही, ऊन आहे." ती म्हणाली, "तू ऐकत कधी नाहीस." उंटावरून शेळ्या हाकायला तिला आवडतं, आणि दुसरी शेळी तिच्याकडे नाही.

तरी मी बाजारात जाऊन विचारलं. म्हटलं, पाणी आत येऊ देणार नाही पण आतली वाफ बाहेर जाऊ देईल, असा घराला गुंडाळायचा कागद आहे का? दुकानदारानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी घरासाठी स्वेटर मागते आहे. मग निळी ताडपत्री काढून काउंटरवर टाकली.

पहूरला माझा भाचा केळी करतो. त्याला कळलं तसं त्यानं लगेच मल्चिंग पेपरचा उरलेला गुंडाळा धाडून दिला. शेतात वाफ्यावर अंथरतात तो, एका बाजूनं काळा, एका बाजूनं चांदीसारखा. फोनवर म्हणाला, "मावशी, फुकटना शे, वापरी ल्या. जमिनीमाधला ओलावा हालत नही." मी गुंडाळा खाटेखाली ठेवला. त्याचं वाक्य मात्र डोक्यात राहिलं. जमिनीतला ओलावा हलत नाही. केळीला ते बरंच आहे.

भिंतीला बरं आहे का, हे मला दुसऱ्याच एका जागेवरून माहीत होतं.

आमच्या ह्यांना अर्धांगवायू झाला आणि ते खाटेला खिळले, तेव्हा गादी ओली होऊ नये म्हणून मी चादरीखाली मेणकापड घातलं. मोठी शहाणी समजत होते स्वतःला. गादी कोरडी राहिली. पण उन्हाळ्यात त्यांची पाठ घामानं भिजून राहायची, घामाला जायला वाट नाही, आणि बघता बघता पाठीला जखमा झाल्या. डॉक्टर म्हणाले, आधी ते कापड काढा, अंगाला वारा लागू द्या. काढलं. मग रोज गादी उन्हात टाकणं आलं, चादरी धुणं आलं, माझे हात गेले, पण पाठ भरून आली. जे ओल आत जाऊ देत नाही ते ओल बाहेरही जाऊ देत नाही, हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. ती पाठ मी रोज पुसत होते.

तरी मनाला पटलं म्हणजे भिंतीला पटलं असं नाही. माझी भिंत आतून ओली आहे की वाळली आहे, हे कळायला हवं होतं. वाळली असेल तर कागद लावून काय बिघडतं? मग मी एक खटाटोप केला. दुधाच्या रिकाम्या पिशव्या कापून, धुऊन, त्यांचे चौकोन केले. त्या पडक्या जागेत गेले आणि भिंतीला खालपासून हात पोचेल तिथवर ते चौकोन चिकटवले, कडा ओल्या मातीनं लिंपून. आतून ओल निघत असेल तर पिशवीच्या आतल्या बाजूला दव धरेल. गल्लीतल्या बायका गच्चीवरून बघत होत्या. एकीनं विचारलं, "अक्का, काय चाललंय?" मी म्हटलं, "भिंतीला पट्ट्या बांधते आहे, ताप आलाय." ती हसली नाही. बहुतेक खरं वाटलं तिला.

त्या भिंतीच्या पलीकडच्या अंगाला मी आयुष्यात पहिल्यांदाच हात लावत होते. एवढी वर्षं शेजार, पण आमचं जाणं-येणं ओट्यापर्यंतच. नळावर भेट, सणाला शेवया, आजारपणात "कसं आहे" म्हणून विचारणं. मी नोकरीवाली, तोंडानं फटकळ. त्या दोघांना मुळातच कमी बोलायची सवय. त्यामुळे त्यांचं घर आतून कसं होतं ते मला ते पाडल्यावर दिसलं. चुलीपाशी धुराचा काळा पट्टा. एक कोनाडा, त्याच्या कडेला निळी वेलबुट्टी. आणि मधल्या खोलीच्या जागी भिंतभर खिळे. भाऊ आपले पत्र्याचे फर्मे, कात्र्या, कड्या तिथे टांगत असणार. खिळ्यांच्या रांगा अगदी सरळ होत्या, शाळेच्या हजेरीसारख्या.

फक्त एका ठिकाणी रांगा तुटल्या होत्या. भिंतीच्या मध्यावर खाटेएवढ्या जागेत एकही खिळा नव्हता. जवळ जाऊन पाहिलं तर भोकं होती, पण चुन्यानं बुजवलेली, वरून हिरव्या रंगाचा हात मारलेला. नव्या रंगाची हिरवट छटा जुन्याहून थोडी वेगळी. म्हणजे खिळे होते, आणि कुणीतरी ते मुद्दाम उपटले होते, तेवढ्याच जागेतले.

मी घरात आले, मधल्या खोलीत उभी राहिले. परत बाहेर गेले. परत आत. दाराच्या चौकटीपासून पावलं टाकत मोजलं, बाहेरही तसंच. शंकाच नव्हती. खिळे नसलेली ती जागा म्हणजे आमच्या ह्यांच्या खाटेची बरोबर पाठ होती.

दुपारभर मला काही सुचलं नाही. संध्याकाळी भाभीला चाळीसगावला फोन लावला. घर पाडल्याचं तिला सांगून झालं होतं, त्यामुळे ती आधी गाढवांची चौकशी करत बसली. मग मी विचारलं, "भाभी, तुमच्या मधल्या खोलीतले खिळे मधूनच का काढले होते?"

"कौनसे खिळे?" मग तिला आठवलं. "अरे, वो! अक्का, तुमीच तो बोल्ली थी नल पे."

"मी काय बोलले होते?"

"के भिंत में खुट् हुआ के साहब दचकते, फिर कित्ती देर रोते रहते. मैंने घर आके इनको बोला. इनोंने उसी दिन सब खिळे निकाल डाले उधर के. बोले, औजार जमीन पे रखेंगे, क्या बिगडता?"

आमचे हे त्या आजारात बारीक आवाजालाही दचकायचे. ओट्यावरच्या ठोकठोकीची त्यांना सवय होती, तो रस्त्याचा आवाज होता. पण खिळ्याला काही टांगलं की तो आवाज थेट भिंतीतून उशाशी यायचा. ते थरथरायचे, आणि बोलता येत नसल्यामुळे रडायचे. मी त्यांना थोपटत बसायची. हे मी नळावर कधी बोलले असेन, मला आठवत नाही. नंतर आवाज यायचा बंद झाला तेव्हा मला वाटलं, ह्यांचं दचकणं कमी झालं, तब्येतीला उतार पडतो आहे. मी तसं डॉक्टरांनाही सांगितलं होतं, आनंदानं.

"मला कधी सांगितलं नाही तुम्ही," मी म्हटलं.

"उस में क्या सांगनेका?" भाभी हसली. "अब यहाँ फ्लॅट में देखो. दिवार के पीछे कौन रहता, चेहरा भी नहीं देखा. तो भी ये खिळा नहीं ठोकते. घडी फ्रिज पे रख्खी है." मग मागून भाऊंचा आवाज आला, कोण आहे म्हणून, आणि ती म्हणाली, "अक्का है, खिळे का पूछ रई." भाऊ काय म्हणाले ते ऐकू आलं नाही.

फोन ठेवल्यावर मी खूप रडले. ह्यांच्या आजारपणाची ती वर्षं म्हणजे माझ्या आयुष्यातला सगळ्यात एकटा काळ, असं मी धरून चालले होते. लेक दूर, भाऊबंद सणापुरते, शाळा सुटली की घर आणि खाट. जगात कुणाला आमची पडलेली नाही असं मी मोठ्यानं म्हणायची, ह्यांना ऐकू जाईल असं. आणि विटेएवढ्या अंतरावर एक माणूस गुडघे दुखत असताना औजार घ्यायला जमिनीवर वाकत होता. न झालेला आवाज ऐकू कसा येणार? मला आता तो ऐकू येत होता, आणि पलीकडे गाढवं होती.

दुसऱ्या दिवशी पिशव्या पाहिल्या. खालच्या दोन्हींत दव धरलेलं, मधल्यांत थोडं, वरच्या कोरड्या. भिंत अजून आतून वाळत होती. तिला वाळू द्यायला हवं होतं. मी पत्रेवाल्याला बोलावून सांगितलं, कागद नको. प्लास्टिक नाही, ताडपत्री नाही, काही नाही. पत्रा भिंतीला चिकटवायचा नाही, लोखंडी अँगल उभे करून वीतभर लांब ठेवायचा, वर-खाली फट सोडायची. फटीला उंदीर येऊ नयेत म्हणून जाळी मारायची. पाऊस पत्र्यानं अडेल, आणि सांध्यातून चुकून थेंब आत गेलाच तर मागचा वारा त्याला सुकवील. आमच्याकडच्या उन्हात पत्रा तापतो तेव्हाही ती फटच कामाला येईल.

तो म्हणाला, "बिघडनं तं माले बोलू नका."

"तुला नाही बोलणार. आणि बोलायला घरात दुसरं आहे कोण?"

लेकीला सांगितलं तर तिनं मोठा सुस्कारा सोडला. तिथे घराला कागद लागतो, कारण लाकूड असतं आणि तो कागद श्वास घेणारा असतो, हे ती स्वतःच सांगून बसली होती. मी तिला तिचंच वाक्य परत केलं. "बरं," ती म्हणाली, "पण घर पडलं तर तू पुण्याला जायचं." मी म्हटलं, "पडलं तर." खिळ्यांचं मी तिला सांगितलं नाही. फोनवर सांगण्यासारखं ते वाटलं नाही, आणि ती इथे येईल तेव्हा भिंत पत्र्याआड गेलेली असेल.

पत्रे मारायच्या दिवशी सकाळपासून मी त्या मोकळ्या जागेत खुर्ची टाकून बसले. पत्रेवाला यंत्रानं भिंतीला भोकं पाडत निघाला. जुन्या खिळ्यांच्या रांगा ओलांडत तो मध्यावर आला तशी मी उठले.

"इथे नको."

"आठे? कसाले?"

"तेवढ्या जागेत भोक पाडायचं नाही. खिळा, बोल्ट, काही नको. कडेला घे."

त्यानं बोटानं बुजवलेली भोकं चाचपली. त्याला वाटलं भिंत तिथे कच्ची आहे. म्हणाला, "पक्की शे अक्का, चांगली धरी." मी मान हलवली. मग तो समजावण्याच्या सुरात आला. "देखा, मझार आधार नही ऱ्हायना तं पत्रा पोट काढी. वारामा वाजी. तुमना उशाजोडेच वाजी."

एवढं बोलून तो थांबला, कारण मी डोळे पुसत होते आणि बाईमाणसाच्या रडण्यापुढे पत्रेवाल्याचं काही चालत नाही. माझ्या तोंडून माहेरची बोली आपसूक आली.

"वाजू दे, भाऊ. आते दचकाले घरमा कोन शे?"

अँगल कडेला सरकवून, लांब आडवी पट्टी टाकून त्यानं तेवढी जागा सोडली. शेवटचा पत्रा चढवण्याआधी मी एकदा तिथे तळहात ठेवला. ऊन खाऊन भिंत गरम झाली होती. मग हिरवा रंग, कोनाडा, खिळे, सगळं पत्र्याआड गेलं. भाचा विचारत होता मल्चिंग पेपर पुरला का. मी म्हटलं, पुरून उरला.

आषाढात झड लागली. दिवसभर गल्लीत चिखल, कुणी कुणाकडे फिरकत नव्हतं. एका दुपारी जेवून मी सतरंजीवर आडवी झाले, डोळा लागला, आणि वाऱ्याचा मोठा झोत आला. पत्रा वाजला. खाटेपलीकडे, बरोबर तिथेच, खणकन. मी दचकून उठून बसले. आणि अर्ध्या झोपेत, जुन्या सवयीनं, माझा हात वर खाटेवर गेला, त्यांना थोपटायला. तिथे गादी होती, चादर होती. हात तसाच पुढे सरकत गेला आणि भिंतीला टेकला. बाहेर पाऊस कोसळत होता.

भिंत कोरडी होती.